गोलमागची शिट्टी

"हरतील, हरतील, हरतील! जो उठतो तो आपला गळा काढतोय. अरे, मेलेत का ते? मॅच अजून व्हायचीय!"

शिट्टीमावशीनं कप इतक्या जोरात ठेवला की कारखान्याच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरचा चहासुद्धा बशीत सांडला. समोरच्या रंगाऱ्यानं शांतपणे बशी तोंडाला लावली. तो आला होता कारखान्याच्या भिंती रंगवायला; पण भिंतीला रंग कमी आणि टीमला काळं जास्त, असं त्याचं चाललं होतं.

आता खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चुकत नव्हतं. आपली टीम, म्हणजे पत्रेवाले, चार टीमच्या प्लेऑफमध्ये पोचली ती कशीबशी, शेपटाला लटकून. पहिलीच मॅच काचवाल्यांशी, आणि काचेच्या कारखान्याची ती टीम वर्षभर सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली. त्यात चिठ्ठी टाकली तर मैदान कुठलं निघावं? घरचं! दुसरं कुणी असतं तर गावभर मिरवलं असतं. आपल्या लोकांनी कपाळाला हात लावला. कारण ह्या वर्षी पत्रेवाले बाहेर जाऊन जिंकत होते आणि घरी येऊन मार खात होते.

"लोक घरी वाघ असतात, मावशी. आपले घरी मांजर," रंगारी म्हणाला. "आणि का, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे जावईबापू हाताला लोणी लावून गोलमध्ये उभे राहतात."

"त्याचं नाव तू नको काढूस. ते मी काढणार आहे उद्या, त्याच्या तोंडावर. तुझ्यासारखं बशीत तोंड घालून नाही."

उद्या पारख होती. ही रीत जुनी. प्लेऑफच्या आधी एका संध्याकाळी मैदानावरच्या शेडमध्ये सगळे खेळाडू बूट काढून बाकांवर बसतात, आणि गोलमागं उभं राहणाऱ्या मंडळींपैकी एकजण त्यांच्यासमोर उभा राहून एकेकाची पारख करतो. मधे कुणी बोलायचं नाही. ऐकून कुणी रुसायचं नाही. बोललेलं मागं घ्यायचं नाही. आणि शेवटी बोलणाऱ्यानं एक मागणं मागायचं, ते कोचनं मुकाट्यानं मानायचं. वर्षभर लांबून शिव्या घातल्या तरी चालतात, पण त्या संध्याकाळी जे असेल ते तोंडावर. ह्या वर्षी बोलायचा मान मावशीचा होता, आणि ती काय मागणार ह्यावर गावात पैजा लागल्या होत्या. कुणी म्हणे, रक्ताच्या नात्यापेक्षा जावयाचं नातं नाजूक, सासू पांघरूण घालणार. ते लोक मावशीला ओळखत नव्हते.

मावशी झाकणांच्या कारखान्यात प्रेसवरची मुकादम. तिथं पत्र्यातून डब्यांची झाकणं ठोकून काढतात. एकेक ठोका असा बसतो की पायाखालची जमीन दणाणते, आणि सगळ्या प्रेस चालू असल्या की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी नुसता जबडा हलताना दिसतो. म्हणून मावशी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. तिचा नियम एकच. शिट्टी वाजली की हात छातीशी. कुणासाठी वाजली, कशाला वाजली, ते मागाहून. पत्रा अडकला की माणूस भाबडेपणानं हात घालतो, आणि प्रेसला भाबडेपणा कळत नाही. मावशीची डावी करंगळी अर्धीच होती. तिच्या वेळी शिट्टी मारणारं कुणी नव्हतं. नव्या माणसाकडून ती हे इतकं घोटून घ्यायची की पुढं त्याचे हात डोक्याला न विचारता मागं येत.

हीच शिट्टी ती मैदानावर घेऊन जायची. दोर बांधलेलं आपलं साधं मैदान. मंडळी आपल्या कीपरच्या पाठीशी उभी राहणार आणि हाफ टाइमला सगळी वरात उठून दुसऱ्या टोकाच्या गोलमागं जाणार. समोरच्यानं फटका मारायला पाय उचलला की मावशीची शिट्टी निघालीच. त्याचा नेम बिचकावा म्हणून. काही बिचकलेही. लोक त्या शिट्टीसाठी मैदानावर यायचे. बाहेरच्या मॅचला मात्र ती जात नसे, कारण तिला गाडी लागायची, आणि उलट्या करत पोचलेल्या माणसाला शिट्टी कुठून येणार!

आणि जावई? तो आधी पॅकिंगमध्ये होता. ह्या वर्षी मावशीनंच त्याला प्रेसवर मागून घेतला. "असले हात खोक्यांना पट्ट्या चिकटवण्यात कुजवायचे?" असं म्हणून. आता त्याच हातांचं काय करायचं, हा प्रश्न होता.

पारखेच्या आदल्या संध्याकाळी ती लेकीकडे गेली. लेक खालच्याच मजल्यावर राहायची. दारातल्या दोरीवर कीपरचे हातमोजे वाळत होते आणि लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं आईला बस म्हटलं नाही.

"तू काय बोलणार आहेस ते मला माहीत आहे," लेक म्हणाली.

"माहीत आहे तर तोंड का पाडलंयस?"

"आई, तो घरी येऊन दोन घास धड खात नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. बाजारात गेला तर लोक टोमणे मारतात. एवढं सगळं कमी पडलं म्हणून आता तू?"

"मी तिथं सासू म्हणून उभी राहणार नाही."

"मग कोण म्हणून?"

"गोलमागं उभी राहणारी म्हणून. खोटं बोलले तर त्या जागेवर पाय ठेवायची लाज वाटेल मला."

लेकीनं शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "ठीक आहे. तू सासू नाहीस ना तिथं? मग मीही लेक नाही. बोलून आलीस की माझ्या दारात येऊ नकोस."

मावशी जिना चढून वर गेली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाटलं. पण तिचा स्वभाव असा की वाईट वाटलं की ती जास्तच ताठ व्हायची.

दुसऱ्या दिवशी शेड खचाखच भरली होती. बाकांवर अनवाणी खेळाडू, बाजूला कोच, म्हणजे एरवी शाळेत चित्रकला शिकवणारे सर, आणि मागं गाव. मावशी मधे उभी राहिली, पदर खोचला.

"गोड ऐकायचं असेल त्यानं आईकडे जावं. मी गोड बोलायला आले नाही. कपाट, ऊठ."

मधला बॅक उठला. एवढा मोठा गडी, पण मान खाली.

"तू हलत नाहीस. बरोबरच आहे, कपाटानं हलू नये. पण दार तरी लावून घे बाबा! वर्षभर तुझ्या दोन पायांमधून माणसं ये-जा करतायत. बस. पोस्टमन, तू दिवसभर गावात एकही पत्ता चुकत नाहीस आणि मैदानात आलास की आपलं टपाल काचवाल्यांच्या घरी टाकतोस. नवरदेव, तू बॉलला डोकं का लावत नाहीस ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. केस विस्कटतात. शनिवारी टक्कल करून ये, नाहीतर विस्कटू दे."

शेडमध्ये हशा पिकला. मावशी हसली नाही.

"म्हणजे तुम्ही कसे आहात? कच्चे आहात. चौघांत सगळ्यात कच्चे. काचवाल्यांकडे स्वतःची बस आहे, पाय चोळायला माणूस आहे. तुम्ही रात्रपाळी करून डोळे चोळत येता. तरी इथवर आलात की नाही? परक्याच्या मैदानावर, परक्याच्या शिव्या खात, चिखलात लोळून जिंकून आलात की नाही? मग आपल्या अंगणात कसली धाड भरते तुम्हाला? लोक म्हणतात हरतील. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला झाकण बसवता आलं असतं तर आपला कारखाना केव्हाच मोठा झाला असता. शनिवारी काचवाले हसत येतील. येऊ देत. काच कितीही चकाकली तरी पत्र्यावर आपटल्यावर फुटते काचच!"

बाकांवरच्या माना वर आल्या. रंगाऱ्यानंसुद्धा टाळी वाजवली, मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

"आता तू," मावशी म्हणाली.

जावई उठून उभा राहिला. हात मागं बांधलेले.

"तुझ्यासारखे हात ह्या मैदानानं पाहिले नाहीत. आणि तेच हात ऐन वेळी आखडतात. मी पाठीमागून बघते, मला दिसतं. बॉल येतो आणि तू हात अंगाशी घेतोस. बाहेर घेत नाहीस, घरी घेतोस. घरच्या माणसांना भितोस तू. भित्र्या माणसानं गोलमध्ये उभं राहू नये. सर, माझं मागणं एवढंच, शनिवारी बदली कीपर उभा करा."

 जावयानं मान हलवली, जणू तिनं त्याचा पत्ता बरोबर सांगितला होता, आणि तो खाली बसला. सरांनी रीतीप्रमाणे "मान्य" म्हटलं. घरी जाताना लेकीचं दार बंद होतं.

शुक्रवारी सकाळी पहिल्या प्रेसवर पत्रा अडकला. तिथल्या म्हाताऱ्या फिटरकाकांनी सवयीनं वाकून हात घातला, आणि त्यांचा पाय अजून प्रेसच्या पेडलवरच होता. मावशीची बोटं तोंडात गेली, शिट्टी घुमली आणि अख्ख्या ओळीतले हात छातीशी आले. साचा रिकाम्या जागी आदळला. फिटरकाका पांढरेफटक पडले. मावशी त्यांना चार शब्द सुनवायला निघाली, आणि तेवढ्यात तिची नजर ओळीच्या पार टोकाला गेली.

तिथं जावई उभा होता. प्रेसपाशी नव्हेच, पाण्याच्या नळापाशी, तिच्याकडे पाठ करून. हातातला पेला खाली पडून घरंगळत होता. दोन्ही हात छातीशी, कोपरं अंगाला घट्ट चिकटलेली, मान किंचित खाली.

ही पाठ मावशीनं पाहिली होती. ह्या वर्षी घरच्या प्रत्येक मॅचला, गोलच्या जाळीतून, दर गोलाच्या वेळी हीच पाठ आणि हीच कोपरं.

ती पत्र्यांच्या थप्पीवर मटकन बसली. अगं बाई! भीती कसली न् काय कसलं! समोरच्याचा नेम बिचकावा म्हणून आपण शिट्टी मारायची, आणि इकडे हा हात आवरून घ्यायचा. आपणच शिकवलं, आपणच घोटून घेतलं, आणि काल चारचौघांत आपणच त्याला भित्रा म्हटलं.

सुट्टी झाल्यावर तिनं त्याला कारखान्याच्या अंगणात गाठलं.

"कधी कळलं तुला?"

काय कळलं, असं त्यानं विचारलं नाही. "सुरुवातीच्या दोन-तीन मॅचनंतर."

"आणि तोंडाला कुलूप? गाव तुझ्यावर थुंकतंय, तुझी बायको माझं तोंड बघत नाही, मी तुला नाही नाही ते बोलले, आणि तू मान डोलावलीस! नंदीबैल आहेस का?"

"काय सांगणार होतो, आई? तुम्ही शिट्टी मारू नका म्हणून? लोक ती ऐकायला येतात."

"खड्ड्यात गेले लोक! बरं, मला नाही सांगितलंस. मग शिट्टी कानाआड करायला तरी शिकायचंस. कीपर लोक काय काय गोंगाटात उभे राहतात."

"शिकत होतो." जावई आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "एका मॅचला तुमची शिट्टी वाजली तरी दातओठ खाऊन हात पुढं रेटले. बॉल हातात आला. फार बरं वाटलं. मग सोमवारी प्रेसवर तुम्ही शिट्टी मारलीत, आणि माझे हात होते तिथंच राहिले. जरासेच. साचा खाली आला तेव्हा नखांना वारा लागला त्याचा."

मावशीनं त्याच्या नखांकडे बघितलं.

"तेव्हा ठरवलं," तो म्हणाला. "गोल खाईन. बोटं देणार नाही. ती शिट्टी मला ऐकू आलीच पाहिजे, आई."

मावशीचा हात आपोआप आपल्या अर्ध्या करंगळीवर गेला. 

"गाढवा," ती म्हणाली, "गाढवा, गाढवा! अरे, सासू झाले म्हणून काय मी वाघीण झाले? मला सांगायचंस की! शिट्टी काय, तोंड शिवून घेतलं असतं मी." आणि भर अंगणात, सगळ्या पाळीसमोर, तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिथंच हात ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी मैदानावर शेवटचा सराव होता. बदली कीपर गोलमध्ये उड्या मारत होता. मावशी दोराखालून वाकून सरळ मधे घुसली.

"सर, थांबवा. कीपर हाच राहील, आपला जुना."

फळ्यावर डाव आखणाऱ्या सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. रंगारी दोरापलीकडून ओरडला, "मावशी, पारख मागं घेता येत नाही! रीत आहे!"

"मागं घेत नाही, पुरी करतेय! त्याचे हात मागं जातात हे मी खरं सांगितलं. का जातात ते चुकीचं सांगितलं. माझ्या शिट्टीनं जातात. प्रेसवरची सवय आहे ती, मीच लावलेली. ह्या वर्षीचे घरचे सगळे गोल माझ्या नावावर मांडा. आहे कुणाची हरकत?"

जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. प्रेसवर काम करणारे दोघंतिघं एकमेकांकडे बघू लागले, मग आपल्या हातांकडे.

"पण रीत मोडली तर..." सर म्हणाले.

"तर काय, आभाळ कोसळेल? रीत माणसांनी माणसांसाठी केली. मोडल्याची शिक्षा म्हणून मला पुढल्या वर्षी गोलमागून हाकला, एक शब्द बोलणार नाही. पण ज्यानं वर्षभर दुसऱ्याचा दोष आपल्या डोक्यावर वाहिला, त्याला बाहेर बसवून तुम्ही काचवाल्यांशी लढणार? मग कशाला लढता? चाव्या देऊन टाका त्यांना मैदानाच्या!"

"आणि तुमचं काय?" रंगाऱ्यानं विचारलं. ह्या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "त्याचे हात सवयीनं मागं जातात, तशी तुमची बोटं सवयीनं तोंडात जाणार. तुम्ही घरी बसा, मावशी."

हा घाव मात्र वर्मी बसला.  तेवढ्यात जावई पुढं आला.

"आई येतील," तो सरांना म्हणाला. "काल मला तोंडावर बोलल्या, आज तुम्हा सगळ्यांना तोंडावर बोलल्या. असं माणूस मला पाठीशी हवं."

शनिवारी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काचवाले खरंच हसत बसमधून उतरले. मावशी गोलमागच्या बाकावर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मॅच सुरू झाली आणि पहिल्याच हल्ल्याला तिचा उजवा हात सुटून ओठांपर्यंत आला. तिनं तो डाव्यानं धरून खाली ओढला. घाम फुटला तिला. रंगारी बरोबर बोलला होता. ऊठ आणि जा, ती स्वतःला म्हणाली, जा घरी, ह्या हातांचा भरवसा नाही.

ती उठणार तोच शेजारी कुणीतरी येऊन बसलं. लेक होती. तिनं आईकडे बघितलंही नाही. तिनं आईचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि मनगटं घट्ट पकडली.

तशा त्या दोघी बसल्या. हाफ टाइमला मंडळी उठून दुसऱ्या टोकाला गेली तेव्हा ह्या दोघी तशाच, हात न सोडता, चोर-शिपायासारख्या चालत गेल्या. कुणी हसलं नाही. कपाटानं दार लावून घेतलं होतं; त्याच्या अंगावर आपटून काचवाले परत जात होते. आणि मग पोस्टमननं लांबून उचलून दिलेल्या बॉलला नवरदेवानं डोळे मिटून डोकं लावलं. गोल! मैदान वेडं झालं. मावशी जागच्या जागी उड्या मारत होती, आणि मनगटं लेकीच्या मुठीत असल्यामुळं लेकीलाही माराव्या लागत होत्या.

आता काचवाल्यांचं हसू गेलं होतं. ते सगळे मिळून चालून आले. खेळ संपत आला होता, आणि त्यांचा सगळ्यात तिखट गडी पोस्टमनला चकवून, कपाटाला वळसा घालून मोकळा सुटला. समोर फक्त जावई. गड्यानं पाय उचलला.

मावशीचे हात उसळले. अंगातलं सगळं बळ त्या हातांत आलं होतं. लेक बाकावरून अर्धी ओढली गेली, तिचे गुडघे मातीत टेकले, पण मुठी सुटल्या नाहीत. मावशीच्या तोंडाचा नुसता चंबू झाला आणि त्यातून हवा गेली. तिनं बॉलकडे बघितलंच नाही. तिचे डोळे जाळीतून जावयाच्या पाठीवर खिळले होते.

कोपरं अंगापासून सुटली. दोन्ही हात पुढं गेले, पुरते, बोटांच्या टोकांपर्यंत. आणि थाप असा आवाज झाला.

जावई बॉल पोटाशी घेऊन मातीत पडला होता. मैदानावर काय गजर झाला म्हणता! रंगारी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होता. मग पंचांनी मॅच संपवली आणि लोक दोर तोडून आत धावले. मावशी उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

लेक मातीतून उठली. "सोडू आता?" तिनं विचारलं. परवापासून ती आईशी पहिल्यांदाच बोलत होती.

"खबरदार सोडलेस तर," मावशी म्हणाली. "फायनल राहिलीय अजून."